शेजाऱ्याचा कॅमेरा, आपलं खळं

लोटा_पडवी

गणपती उरकून चाकरमानी परत गेले की वाडीत मागे काय उरतं? पूर्वी फटाक्यांची खोकी आणि उसना आणलेला टोप. आता कॅमेरे. बंद घराच्या वळचणीला एक पांढरा डोळा लटकतो आणि घरधनी नालासोपाऱ्यात बसून मोबाइलवर गावचं खळं, म्हणजे अंगण, बघतो.

स्वतःचं बघतो त्याला कोणाची हरकत नाही. पण दोन घरांमधला गडगा कमरेएवढा, आणि कोन असा लावलेला की त्याचं स्वतःचं बेडं (आवाराचं फाटक) फ्रेमच्या कोपऱ्यात. मधोमध शेजारणीची विहीर, धुण्याची दोरी आणि न्हाणीचं दार. बोलायला जावं तर ठरलेलं उत्तर: "गावात कसली आलीय प्रायव्हसी? काय लपून राहतं?"

हा युक्तिवाद मला पटत नाही. वरच्या घरची काकू बघते, चार दिवस बोलते, विसरते. कॅमेरा विसरत नाही. कायद्यात ह्यावर काय आहे, आणि भांडण न करता तंत्राने काही होतं का? जाणकारांनी लिहावं.

काजूगर

काकू विसरते? कुठल्या गावची?

सुक्या_बांगडो

गावात कॅमेरो कित्याक? आमची काकी आसा ना. रिझोल्यूशन बरा, रातचा पण दिसता, आणि लाईट गेली तरी चालू.

डीव्हीआर_दुरुस्ती

धागाकर्त्याचं एक वाक्य उलटं आहे. कॅमेरा विसरतो. दोन मेगापिक्सेलचे चार कॅमेरे, एच.२६५ कॉम्प्रेशन, प्रत्येकी २ एमबीपीएस बिटरेट धरा. एका कॅमेऱ्याचे दिवसाला २१.६ जीबी, चारांचे ८६ च्या वर. एक टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि मग सगळ्यात जुनं पुसून त्यावरच नवीन लिहीत जाते.

"मोशन असेल तेव्हाच रेकॉर्ड" असं सेटिंग केलं की महिनाभर पुरतं, हे दुकानातलं गणित. कोकणात फ्रेममध्ये माड असतो. झावळी चोवीस तास हलते, म्हणजे मोशन चोवीस तास. त्यात रात्री इन्फ्रारेडच्या उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, तो थेट लेन्ससमोर जाळं विणतो आणि वाऱ्यावर ते जाळं म्हणजे डीव्हीआरच्या (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या पेटीच्या) दृष्टीने दरोडा. मोशनच्या चौकटीतून झावळीचा भाग वगळा, सेन्सिटिव्हिटी उतरवा आणि आठवड्यातून एकदा काठीला मऊ फडकं बांधून जाळं काढा. हिराच्या केरसुणीने नको, डोमवर चरे पडतात आणि रात्री सगळं धुरकट दिसतं.

बिनकोटाचा

डिस्क अकरा दिवसांत विसरते हे खरं, पण मोबाइलवर काढलेली क्लिप विसरत नाही. ती वाडीच्या ग्रुपवर गेली की संपलं. खरं दुखणं तिथे आहे, त्यामुळे कायदाही तिथूनच बघू.

शेजाऱ्याने स्वतःच्या घरावर कॅमेरा लावू नये असं सांगणारा वेगळा कायदा नाही. पण न्हाणीचं दार, कपडे बदलायची जागा टप्प्यात येत असेल तर मामला दिवाणी राहत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई: संमतीशिवाय शरीराच्या खासगी भागाचं चित्रण किंवा प्रसारण, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इथे बाई-पुरुष भेद नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७: आंघोळीसारख्या खासगी वेळी स्त्रीला बघणं किंवा तिचं चित्रण करणं, पहिल्या वेळी १ ते ३ वर्षं. "मी बघतच नव्हतो, कॅमेरा आपोआप रेकॉर्ड करतो" हा बचाव लोकांना फार भक्कम वाटतो. एकदा कोणी दाखवून दिल्यावरही कोन बदलला नाही, तर त्यातली हवा निघून जाते. म्हणून पहिलं सांगणं लेखी असावं.

धुण्याची दोरी आणि विहीर मात्र ह्या कलमांत बसवू नका. तिथे वाट दिवाणी कोर्टाची.

सुरंगी

पण २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं ना? मग थेट त्यावर बोट ठेवता येत नाही का?

बिनकोटाचा

पुट्टस्वामी खटला, २४ ऑगस्ट २०१७. बोट ठेवता येतं, पण मूलभूत हक्क मुख्यतः सरकारपुढे उभे राहतात. शेजारी म्हणजे सरकार नव्हे, जरी त्याचा चुलतभाऊ सरपंच असला तरी. शेजाऱ्याविरुद्ध मनाई हुकुमाचा दावा तालुक्याच्या कोर्टातच लावावा लागेल. त्यात ह्या निकालाचा आधार घ्यायचा.

त्याहून जुना आणि गमतीचा आधार आहे. भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२, कलम १८. त्यातल्या उदाहरणात सांगितलंय की एखाद्या गावच्या रूढीनुसार शेजाऱ्याच्या खासगीपणावर आक्रमण होईल अशी नवी खिडकी घरमालकाला उघडता येत नसेल, तर ती रूढी कायदा मानतो. कॅमेरा ही वळचणीला उघडलेली खिडकीच की. फक्त अशी रूढी आपल्या गावात आहे हे सिद्ध करायचं काम तुमचं.

काजूगर

रूढी सिद्ध करायला साक्षीदार कोण? वरच्या घरची काकू. उलटतपासणीत ती सगळ्यांच्या न्हाणीचा इतिहास सांगेल.

चिरेबंदी

नव्या डेटा कायद्याने काम होत नाही का? डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. अडीचशे कोटींपर्यंत दंड. शेजाऱ्याचे अडीचशे कोटी कसे वसूल करायचे ते बघू नंतर.

बिनकोटाचा

कलम ३ वाचा. एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी डेटा वापरला तर हा कायदा लागूच नाही. घरचा कॅमेरा तिथेच निसटतो. शिवाय नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे १८ महिने. शेजारी होमस्टे चालवत असेल आणि कॅमेरा पाहुण्यांवर असेल तर मात्र ते घरगुती राहत नाही.

पाणंद

आणि घरच सामाईक असेल तर? आपल्याकडे अर्धी घरं तशीच. माजघर एकाचं, पडवी दुसऱ्याची, देव सगळ्यांचे. मुंबईचा भाऊ येतो, गणपतीच्या खोलीबाहेर कॅमेरा लावतो, म्हणतो माझाही हिस्सा आहे.

बिनकोटाचा

ह्यावर ताजा निकाल आहे. घराच्या राहत्या भागात सहरहिवाशांच्या संमतीशिवाय कॅमेरे चालवता येणार नाहीत असं कलकत्ता हायकोर्टाने २०२५ मध्ये सांगितलं, आणि त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने त्याविरुद्धचा अर्ज फेटाळला. म्हणजे हिस्सा असणं वेगळं आणि दुसऱ्याच्या जेवणाखाणावर नजर ठेवणं वेगळं. बेड्याकडे तोंड असलेल्या कॅमेऱ्याला हे जसंच्या तसं लागत नाही, आतल्याला लागतं.

वारस_नोंद

अवांतर होईल, पण प्रायव्हसी-प्रायव्हसी करणाऱ्यांनी आपला सातबारा बघितलाय का? महाभूलेखवर गट नंबर टाका, फुकटात सगळं दिसतं. खातेदारांची यादी एवढी लांब की लग्नपत्रिकेतली निमंत्रकांची यादी लाजावी. "इतर हक्क" रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा. कोणी कधी कर्ज काढलं ते काकूला त्यामुळे कळतं, कॅमेऱ्यामुळे नाही.

पण हे उघडं आहे ते बरंच आहे. चाकरमान्यांसाठी कामाची गोष्ट: नुसता सातबारा वर्षातून एकदा काढून उपयोग नाही. "आपली चावडी" ही ऑनलाइन पाटी महिन्यातून एकदा बघा. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की चालू फेरफारांच्या (जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या) नोटिसा दिसतात, लॉगिन लागत नाही. नोंद पडली की हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीला १५ दिवस मिळतात. ही नोटीस गावच्या पत्त्यावर जाते, घराला कुलूप, पंधरा दिवस संपतात, नोंद प्रमाणित होते. मग प्रांताकडे अपील, आणि तिथे पहिला वाद "उशीर का झाला" हाच. कॅमेरा घराला लावण्याऐवजी चावडीला लावला तर हिस्सा वाचेल.

डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो, तो कायदेशीर कामाला चालतो. फुकट दिसतो तो फक्त माहितीसाठी. लोक तोच छापून बँकेत नेतात आणि साहेबाच्या नावाने बोटं मोडतात.

सुक्या_बांगडो

शेजाऱ्याचो कॅमेरो पण इतर हक्कात चढवक व्हयो.

तारकर्ली_रिटर्न

अवांतरात अवांतर. होमस्टेवाले व्हॉट्सअॅपवर आधारचा फोटो मागतात, दोन्ही बाजू. तो फोटो पुढे किती वर्षं त्या फोनमध्ये राहतो? पोरं त्याच फोनवर गेम खेळतात.

सुरंगी

मास्क्ड आधार द्या. मायआधारच्या साइटवर डाउनलोड करताना "मास्क्ड" वर टिक करायची. १२ पैकी फक्त शेवटचे ४ आकडे दिसतात, बाकी फुल्या. त्याहून सोपं म्हणजे दुसरंच ओळखपत्र द्या, वाहन परवाना किंवा मतदार कार्ड. खासगी धंद्याने आधारचीच सक्ती करणं २०१८ च्या आधार निकालानंतर टिकत नाही. कागदी झेरॉक्स द्यायचीच असेल तर फोटोवरून तिरकं लिहा: "फक्त अमुक तारखेच्या मुक्कामासाठी". कोऱ्या जागेत लिहिलं तर कापून टाकता येतं.

पीडीएफ पाठवताना पासवर्ड वेगळ्या मेसेजमध्ये पाठवून आपण फार सुरक्षित झालो असं समजू नका. पासवर्ड सगळ्यांचा एकाच साच्यातला: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल.

काजूगर

जन्मसाल कोकणात गुप्त नसतंच, वादळावरून सांगतात. "फयानच्या वेळचा" म्हटलं की २००९. "निसर्गाच्या वेळची" म्हटलं की २०२०. हवामान खात्याने वाडीचे निम्मे पासवर्ड फोडलेत.

चिरेबंदी

होमस्टेवाल्यांची बाजूही ऐका. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. देशी पाहुण्यांची नोंद वहीत ठेवावी लागते, पोलीस ठाण्यातून कधीही विचारणा होते. ओळखपत्र बघू नये असं कोणी म्हणत नाही. बघा, नंबराचे शेवटचे आकडे वहीत लिहा, फोटो काढू नका. वहीला हॅकर लागत नाहीत, फक्त वाळवी लागते.

तसं सरकारलाही ह्यात एकमत जमलेलं नाही. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने झेरॉक्स सरसकट वाटू नका अशी सूचना काढली आणि दोन दिवसांत ती मागे घेतली गेली. दोन दिवसांत तर आपल्याकडे झेरॉक्सवाल्याची शाईसुद्धा येत नाही.

लोटा_पडवी

धागा माझ्या खळ्यातून तारकर्लीला पोचला. न्हाणीच्या दाराकडे परत येता येईल का? तंत्राचं कोणी पूर्ण लिहिलंच नाही. बेचकीने कॅमेरा फोडायचे सल्ले खासगी निरोपातून येताहेत, ते थांबवा.

बिनकोटाचा

बेचकी नको. न्याय संहितेचं कलम ३२४, नुकसान करणे. आणि फोडणाऱ्याचं शेवटचं छायाचित्र त्याच कॅमेऱ्यात सगळ्यात स्पष्ट येतं.

डीव्हीआर_दुरुस्ती

घ्या. बहुतेक भांडण लेन्सचं असतं, नियतीचं नाही. बसवणारा पोरगा सरसकट २.८ मिमी लेन्स लावून जातो, ती सुमारे १०० अंश बघते. घर मुंबईत ब्लॉकच्या मजल्यावर असेल तर ठीक. वाडीत १०० अंशांत तीन घरं येतात. बेडं दहा-पंधरा मीटरवर असेल तर ६ मिमी लेन्सचा कॅमेरा घ्या. तो साधारण ५० अंशच बघतो, पण माणसाचा चेहरा आणि गाडीचा नंबर ओळखू येतो. २.८ वर त्याच अंतरावर चोर नुसता ठिपका. म्हणजे शेजाऱ्याला सांगताना "आमची प्रायव्हसी" असं सुरूच करू नका. "तुझा कॅमेरा चोर पकडायच्या कामाचा नाही" असं सुरू करा. ऐकतो.

कॅमेरा बदलायचा नसेल तर प्रायव्हसी मास्क. जवळपास सगळ्या डीव्हीआरमध्ये असतो: मेन्यूत कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये "प्रायव्हसी मास्क" चालू करा, माउसने न्हाणी आणि दोरीवर चौकोन ओढा, सेव्ह करा. तेवढा भाग काळा होतो, लाइव्हमध्येही आणि रेकॉर्डिंगमध्येही. वायफाय कॅमेऱ्यांच्या अॅपमध्ये हे असतंच असं नाही, विकत घेण्याआधी बघा. मानेने फिरणाऱ्या कॅमेऱ्यात मास्क फसवा असतो, स्वस्त मॉडेलमध्ये मान फिरली की मास्क तिथेच राहतो आणि न्हाणी उघडी पडते. फिरणारा कॅमेरा दोन घरांच्या मध्ये नकोच.

मास्क कधी जातो? डीव्हीआर फॅक्टरी रीसेट केला की. आणि आपल्याकडे रीसेट दरवर्षी होतो, कारण पासवर्ड कोणाला आठवत नाही. म्हणून मास्क लावल्यावर दोघांनी मिळून स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. आवाजाचं रेकॉर्डिंगही बंद करायला लावा, ते वेगळ्या मेन्यूत असतं. पडवीत बसून कोणाबद्दल काय बोललं गेलं ते नालासोपाऱ्यात ऐकू जाणं हे चित्रापेक्षा भयंकर.

पासवर्डवरून: "अॅडमिन" आणि "१२३४५" ठेवलेला डीव्हीआर इंटरनेटला जोडला तर शेजारी बघतोय की आणखी कोणी, हे शेजाऱ्यालाही माहीत नसतं.

पाणंद

आणि आपल्या बाजूने? न्हाणीच्या दारासमोर माडाचा झाप उभा केला तर चालेल ना? आपल्या जागेत आपला झाप.

सुक्या_बांगडो

झाप कोणी विणूचो? विणणारो खंय गावता आता?

डीव्हीआर_दुरुस्ती

झाप चालतो. वाऱ्यावर हलतो, शेजाऱ्याच्या मोबाइलवर दर मिनिटाला "हालचाल आढळली" असा मेसेज जातो. तिसऱ्या दिवशी तोच कोन बदलतो.

सुरंगी

ह्या धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. निकाल लागला.

चिरेबंदी

एवढ्या शिव्या देताय, पण बागेतल्या चोरीच्या वेळी हाच कॅमेरा उपयोगी पडतो. हापूसच्या पेट्या भरून ठेवलेल्या रात्री राखणदाराच्या भरवशावर झोपणार का?

बिनकोटाचा

उपयोगी पडतो, पण लोक तो पुरावा स्वतःच मारतात. मोबाइलने स्क्रीनचं शूटिंग करून तेच पोलिसांना देतात आणि मूळ रेकॉर्डिंग साडेअकरा दिवसांत पुसलं जातं. आधी डीव्हीआरमधून पेनड्राइव्हवर मूळ फाइल एक्स्पोर्ट करा. घड्याळ तपासा. आतला सेल संपला की लाईट गेल्यावर तारीख मागे कुठेतरी जाते. मग चोरी मे महिन्यातली आणि फुटेज वीस वर्षांपूर्वीचं. घड्याळ चुकलेलं असेल तर दुरुस्त करू नका, खरी वेळ आणि डीव्हीआरची वेळ यातला फरक लिहून ठेवा.

साक्ष अधिनियम, २०२३, कलम ६३ नुसार सोबत प्रमाणपत्र लागतं. भाग अ यंत्र ज्याच्या ताब्यात त्याचा, भाग ब तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा. एक क्षण कापला तरी अंगठा बदलतो. हे जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५ब चंच पुढचं रूप. खोतकर विरुद्ध गोरंट्याल हा आपल्या जालन्याचा निवडणुकीचा खटला, उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही ह्याच्या व्हिडिओवरून. त्यात २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रमाणपत्राची अट पक्की केली.

ऑनलाइन तक्रार दिलीत तर तीन दिवसांत जाऊन सही करायची, नाहीतर ती नोंदली जात नाही.

काजूगर

आणि पोलीस ठाण्यातला कॅमेरा? तो किती दिवसांत विसरतो?

बिनकोटाचा

सुप्रीम कोर्टाच्या डिसेंबर २०२० च्या आदेशाप्रमाणे १८ महिने साठवायचं, तशी सोय बाजारात नसेल तर जास्तीत जास्त जमेल तेवढं, पण एका वर्षापेक्षा कमी नाही. प्रत्यक्षात मागायला गेलं की नेमक्या त्याच दिवशी वीज पडलेली असते.

वारस_नोंद

धागाकर्त्यासाठी व्यवहाराचं. आधी तोंडी, मग लेखी. "रजिस्टर्ड एडी" म्हणू नका, ते २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं. स्पीड पोस्टाला पोचपावती जोडून मिळते. पत्र मुंबईच्या पत्त्यावर धाडा, गावच्या कुलपाला नाही. मग तंटामुक्ती समिती. २००७ ची मोहीम, गावोगावी पाटी शिल्लक आहे, कुठे कुठे समितीही. तिथे मिटलं नाही तर तालुका विधी सेवा समितीकडे दाव्याआधीच अर्ज देऊन लोकअदालत. तिथल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून सहीपूर्वी वाचा. "कॅमेरा योग्य दिशेने ठेवील" असं लिहिलेलं मान्य करू नका, "योग्य" वर पुन्हा दहा वर्षं जातील. मास्कच्या स्क्रीनचा फोटो निवाड्याला जोडा.

अगदीच इरेला पेटलात तर आता हायकोर्टही जवळ आलंय. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे. आंबा घाट नाहीतर करूळ चढायचा, वाटेत मिसळ.

पाणंद

गाऱ्हाणं घालणं स्वस्त नाही का? नारळ आणि दोन अगरबत्त्या. अपील नाही तिथेही.

सुक्या_बांगडो

"बा देवा म्हाराजा, ह्या वळचणीचो डोळो ज्या कोणी आमच्या न्हाणीर लावलो आसात, तेका बरी बुद्धी दी रे म्हाराजा. आणि तेचो पासवर्ड १२३४५ आसा, तो बदलूक सांग रे म्हाराजा!"

काजूगर

व्हय म्हाराजा!

लोटा_पडवी

सगळ्यांचे आभार. सहा मिमीचा मुद्दा आधी मांडायचा, मास्क दुसरा, पत्र तिसरं, असं ठरवलं. एकच शंका राहिली: न्हाणीवर मास्क ठीक, पण विहीर दोन घरांत सामाईक आहे. त्याच्या बाजूची अर्धी विहीर तो बघू शकतो का?

डीव्हीआर_दुरुस्ती

मास्कचा चौकोन असतो, विहीर गोल. अर्धी करता येणार नाही.

वारस_नोंद

आधी विहिरीचं वाटप करून घ्या. फेरफार पडला की हरकतीला १५ दिवस.